बोलणाऱ्या चेहऱ्याच्या भुवया

दुखतं का, हा पहिला प्रश्न. तो जिना चढतानाच तयार असतो. दुसरा, किती वर्षं टिकतं. तिसरा, पाणी लागलं तर जातं का. त्यापुढचे प्रश्न माणसागणिक बदलतात. एकीने विचारलं होतं, की नंतर रडलं तर चालतं का. कधी रडणार आहात, असं उलट विचारल्यावर ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात सासूबाई राहायला येणार आहेत. दुसरीची अट अशी, की नवऱ्याला काही केल्याचं कळता कामा नये, पण काहीतरी छान दिसतंय असं त्याने आपणहून म्हणावं. पुरुषही येतात. एका गृहस्थांना भुवईतला जुना व्रण झाकून घ्यायचा होता. त्यांची शंका एवढीच, की हे मेकअपमध्ये धरतात का. नाही, दुरुस्तीत धरतात, असं उत्तर मिळाल्यावर ते निमूटपणे खुर्चीत आडवे झाले.

उत्तरं देणारीला सगळे पेन्सिलताई म्हणतात. भुवया, ओठ, पापण्यांची कड यांवर सुईने रंग भरून देणं हा तिचा धंदा. बाजारात त्याला परमनंट मेकअप म्हणतात आणि त्या शब्दाने तिचं निम्मं आयुष्य खुलासे करण्यात जातं. परमनंट काही नसतं, ती सांगते, दोन-तीन वर्षांत रंग फिका पडतो, उन्हात फिरणारीचा लवकर पडतो. आवडलं नाही तर काढता येतं का? येतं, लेझरने, पण ते घालण्यापेक्षा जास्त दुखतं, तेव्हा आधी नीट ठरवा. गरोदर असाल तर थांबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. भुवया निळ्या पडतात का? स्वस्तातला काळा रंग खोलवर टोचला तर पडतात. हे सगळं तिला झोपेतही सांगता येईल, पण ती ते दर वेळी नव्याने आणि सावकाश सांगते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई फार शांत आहे. शांत ती आहेच, पण खरं कारण ते नाही.

तिची खोली पहिल्या मजल्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या वर. मोठी खिडकी, हात धुवायचं बेसिन, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा, आणि दवाखाना बंद केलेल्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतलेली मागे कलणारी खुर्ची. त्या खुर्चीवर बसल्यावर काही जण सवयीने तोंड उघडतात. खाली किल्ली घासायचं यंत्र सुरू झालं की जमीन बारीक थरथरते. सुई हातात असेल तर ती टाचेने दोनदा फरशी ठोकते आणि खालचं यंत्र थांबतं. किल्लीवाल्याशी तिचं बोलणं क्वचित होतं, पण या ठोकण्यावर दोघांचं चांगलं जमलेलं आहे.

खुर्चीच्या आधी मात्र स्टूल. समोरासमोर दोन स्टुलं, गुडघ्याला गुडघा. हातात पांढरी पेन्सिल. विचारा काय विचारायचंय ते, असं ती म्हणते. समोरची विचारत जाते, ही उत्तरं देत जाते, आणि मधेच हात पुढे करून कपाळावर एक ठिपका देते. मग आणखी एक. बोलणारीला अर्ध्या वेळा कळतही नाही. प्रश्न संपेपर्यंत ठिपके पुरे झालेले असतात. पेन्सिलताई प्रश्न कानांनी ऐकते तसे डोळ्यांनीही ऐकते. बोलताना कोणती भुवई किती चढते, कोणती जागची हलत नाही, हे तिला पाहायचं असतं.

ही रीत तिला कोणी शिकवली नाही. ती एका चुकीतून आली, आणि ती चूक तिच्यासारखीनेच करावी अशी होती. तिचा आधीचा धंदा पुतळ्यांचा. कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे असतात त्या पुतळ्यांचे चेहरे ती रंगवायची. डोकं दोन गुडघ्यांत धरायचं आणि ओठ, पापण्या, भुवया काढायच्या. अंबाड्यात पेन्सिल खोचून मग तीच पेन्सिल टेबलाखाली शोधायची खोड होती, म्हणून कारखान्यात हे नाव पडलं. हात इतका बसलेला की डावी-उजवी भुवई केसाइतकीही कमीजास्त व्हायची नाही. पुढे बिनचेहऱ्याच्या पुतळ्यांची फॅशन आली. नाक नाही, डोळे नाहीत, नुसतं अंड्यासारखं डोकं. रंगवणाऱ्या सगळ्या घरी बसल्या. हिने हे काम शिकून घेतलं, आणि शिकवणीत सरावाच्या रबरी कातडीवर तिच्या रेघा सर्वांत सुबक निघाल्या.

पहिली काही गिऱ्हाइकं तिने पुतळ्यांसारखीच केली. आडवं झोपवायचं, डोळे मिटायला सांगायचं, बोलू नका म्हणायचं, आणि मोजून मापून दोन सारख्या भुवया काढायच्या. त्यांतली एक तिकीट खिडकीवर बसणारी होती. महिन्याभराने ती परत आली. काम झकास आहे, तिला तक्रार अशी काही करायची नव्हती. "पण ताई, मी नुसतं 'कुठे जायचंय' विचारते आणि लोक खुलासे द्यायला लागतात."

पेन्सिलताईने तिला समोर बसवून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. बाई गप्प असताना भुवया तराजूसारख्या. तोंड उघडलं की डावी सरसर वर. दिवसभर लोकांशी बोलून ती भुवई चढायला सोकावली होती. आडवं झोपल्यावर तीही झोपली होती. पुतळा कधी बोलत नाही, त्यामुळे पुतळे रंगवणारीच्या हे ध्यानात येणं शक्य नव्हतं. डावीची कमान थोडी खाली आणि चपटी करून तिने ते निभावलं. त्या दिवसापासून समोरासमोरची दोन स्टुलं आली.

आता तिच्या नणंदेची गोष्ट. ही नवऱ्याची थोरली बहीण, हिच्या वन्सं. साठीच्या आसपासच्या, अंगाने काटक, आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. तरुणपणी दोऱ्यासारख्या बारीक भुवयांची टूम होती तेव्हा त्यांनी हौसेने इतक्या उपटल्या की पुढे केसांनी यायचंच सोडलं. तेव्हापासून रोज उठल्याबरोबर, घरात कोणी जागं व्हायच्या आत, त्या पेन्सिलने भुवया काढायच्या. आपली बायको पहाटे उठते ती स्वभावाने, असं त्यांच्या यजमानांचं मत होतं. भाऊ, मुलं, कोणालाच काही माहीत नव्हतं. भावजयीला मात्र लग्न होऊन घरात आल्याच्या आठवड्यातच कळलं. तिने काही मुद्दाम पाहिलं नाही. रोज पुतळ्यांच्या भुवया काढणारीला दिसायचं ते दिसलं. मंगळवारी वन्संच्या चेहऱ्यावर आश्चर्य असायचं, बुधवारी संशय, आणि घाई झालेल्या दिवशी एका बाजूला आश्चर्य आणि दुसऱ्या बाजूला संशय. ती याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही.

नणंदबाईंच्या घरासमोर पोहण्याचा तलाव आहे. सकाळची एक पाळी बायकांची. त्यांच्या सगळ्या मैत्रिणी तिथे शिकल्या, काही तर पन्नाशी उलटल्यावर. या रोज सोबत जायच्या आणि काठावरच्या बाकावर बसायच्या. मैत्रिणींचे टॉवेल, चष्मे, घड्याळं त्यांच्या मांडीवर. बाकावरून त्या प्रत्येकीच्या चुका सांगायच्या: तुझे पाय सायकल चालवल्यासारखे हलतायत, तू मान कासवासारखी काय काढतेस. चुका बरोबर असायच्या. तुम्ही का उतरत नाही, असं कोणी विचारलं तर कान नाजूक आहेत, असं उत्तर ठरलेलं. कान ठणठणीत होते. पाण्यात डोकं घालायची त्यांना जबर इच्छा होती आणि वर्षानुवर्षं ती इच्छा एका पेन्सिलीने अडवून धरली होती.

भावजयीने भुवयांचं काम सुरू केल्यावर त्यांनी चौकशा सुरू केल्या, पण स्वतःसाठी नाही. "माझी एक मैत्रीण विचारत होती," अशी सुरुवात व्हायची. मैत्रिणीला जाणून घ्यायचं होतं की सुई किती खोल जाते. मैत्रिणीला मधुमेह नाही, पण तिच्या बहिणीला आहे, तर चालेल का. मैत्रिणीचे केस पांढरे आहेत, मग भुवया काळ्या केल्या तर ती नाटकातली दिसेल का. मैत्रीण पोहायला जाते असं समजा, तर क्लोरीनच्या पाण्याने रंग उतरतो का. पेन्सिलताई तोंडावरची रेष हलू न देता सगळं सांगायची. तुमच्या मैत्रिणीला सांगा, पांढऱ्या केसांना काळा कधीच नाही, राखाडी-तपकिरी देतात. तुमच्या मैत्रिणीला सांगा, जखम पूर्ण भरेपर्यंत तलाव बंद, त्यानंतर पाण्याने काही बिघडत नाही. झालाच तर रंग थोडा लवकर फिका होईल. अशी ही मैत्रीण दोनेक वर्षं चालली. शेवटी एका दुपारी नणंदबाई एकट्याच जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "ती काही येत नाही. माझंच करून टाक."

आधी कानामागे रंगाचा ठिपका देऊन त्याची खाज-बिज येत नाही ना, ते पाहून झालं. मग दिवस ठरला. नणंदबाईंची अट एकच होती, घरातलं कोणी फिरकता कामा नये.

त्या आल्या, दार आतून लावून घेतलं, आणि बेसिनशी जाऊन त्यांनी चेहरा धुतला. मग स्टुलावर येऊन बसल्या. भावजयीने त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं आणि पाहिल्याचं दाखवलं नाही. विचारा, वन्सं, काय विचारायचंय ते, असं ती नेहमीसारखं म्हणाली.

"काही नाही," वन्सं म्हणाल्या.

आणि गप्प बसल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी टीव्हीचंही पुरतं ऐकून घेतलं नाही, ती हात मांडीवर ठेवून भिंतीकडे पाहत बसली. चेहऱ्यावरची एक रेष हलेना. पेन्सिलताईने मुलांचं विचारलं, बरी आहेत. तलावाचं विचारलं, चालू आहे. शेजारणीचा विषय काढला, जो एरवी तासभर पुरतो. तिचं ती बघून घेईल. पांढरी पेन्सिल हातात तशीच. समोर चक्क पुतळा बसलेला होता, आणि पुतळ्याच्या भुवया काढून एकदा काय झालं होतं ते तिला चांगलं आठवत होतं. शिवाय ही तिकीट खिडकीवरची बाई नव्हती. ही नणंद होती. भुवया वाकड्या निघाल्या तर त्या पुढची दोन वर्षं सणावाराच्या प्रत्येक जेवणाला समोर बसणार होत्या.

पुन्हा कधीतरी करू या, वन्सं, ती म्हणाली. आज तुम्ही दमलेल्या दिसताय.

"आज गेले तर मी परत यायची नाही," नणंदबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "मला ठाऊक आहे ना मी कशी आहे ते."

पेन्सिलताई उठली, पाणी आणते म्हणाली, आणि जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्या वेळी कुठल्यातरी इमारतीत दोन मजल्यांच्या मधे होता.

"अहो, वन्संशी जरा भांडा."

"आत्ता? कशावरून?"

"ते मी काय सांगू? तुमची बहीण आहे. पाच मिनिटं तरी चाललं पाहिजे."

कारण त्याने विचारलं नाही. बायकोच्या धंद्यात काय लागेल याचा नेम नसतो, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. तिने आत येऊन फोन स्पीकरवर टाकला आणि खिडकीत ठेवला. नुसता आवाज, तेव्हा भावाला वन्सं दिसायची भीती नव्हती.

"ताई, एक खात्री करायची होती," तो म्हणाला. "सायकल मी एकट्यानेच शिकलो ना? इथे एकाशी पैज लागलीय."

मग नणंदबाईंच्या उजव्या डोळ्यावरची कातडी किंचित हलली.

"एकट्याने? आणि सीट धरून मागे कोण पळत होतं?"

"तू दोन पावलं पळालीस आणि सोडून दिलीस."

"सोडली म्हणून शिकलास ना, गाढवा. धरून ठेवली असती तर अजून मी मागेच पळत असते."

"पडलो होतो मी."

"तू पडलास? कोपर माझं फुटलं, चप्पल माझी तुटली, आणि घरी जाऊन तू सांगितलंस की ताईने ढकललं."

"ढकललंच होतंस."

इथून पुढे पैज बाजूला राहिली. सायकल मुळात कोणाच्या नावाने घेतली होती इथपासून ते तिची घंटी कोणी हरवली इथपर्यंत दोघं गेली. नणंदबाई स्टुलावर पुढे सरकल्या, हात हवेत. उजवी भुवई, म्हणजे जिथे ती असायला हवी ती जागा, प्रत्येक वाक्याला कपाळाकडे झेप घेत होती. डावी नुसती थरथरायची. भाऊ म्हणाला की घंटी तूच विकलीस, तेव्हा त्या खो खो हसल्या, आणि हसताना डावी खाली उतरते हेही दिसलं. पेन्सिलताईचा हात भराभर चालला होता. सहा ठिपके, आठ ठिपके. तिला पुरेसं मिळालं तेव्हा भाऊ तापून विचारत होता की त्या दिवशी मला मागे वळून पाहू नकोस असं का सांगितलं होतंस. तिने त्याच्या बोलण्याच्या मधेच फोन बंद केला.

"तू सांगितलंस त्याला भांडायला," नणंदबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

"हो," ती म्हणाली आणि ठिपके जोडून भुवया काढायला लागली.

आरसा दिल्यावर त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला. उजवी खाली आहे, त्या म्हणाल्या. खाली होतीच, नखाच्या कडेइतकी. आरशात बघूनच पुढचं बोला, असं पेन्सिलताई म्हणाली. नणंदबाई बोलायला लागल्या, की एवढा खटाटोप करून शेवटी वाकडंच काढायचं होतं तर मी घरी काय वाईट काढत होते, माझी मी रोज काढतेच आहे, आणि बोलता बोलता थांबल्या. आरशात दोन्ही भुवया एका ओळीत आल्या होत्या.

"आणि मी गप्प बसले म्हणजे?"

"तशी वेळ आजवर किती वेळा आलीय, वन्सं?"

त्यावर त्यांनी आरसा परत दिला आणि खुर्चीवर जाऊन झोपल्या.

मलम लावून कातडी बधिर होईपर्यंत त्यांना कंठ फुटला होता. आता प्रश्न मैत्रिणीचे नव्हते. शिंक आली तर? मधेच बाथरूमला जावं लागलं तर? तुझा हात कधी हलला आहे का? खालचं यंत्र सुरू झालं, तिने टाच आपटली, ते थांबलं, तर हा कोण आणि त्याला तू लाथा का मारतेस, याचाही खुलासा द्यावा लागला. दुखलं का, असं काम झाल्यावर तिने विचारलं. दुखलं म्हणजे, त्या म्हणाल्या, कोणीतरी बारीक वाळू घासतंय असं वाटलं. मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नाही. मी उगीच इतकी वर्षं घालवली.

संध्याकाळी नवरा घरी आला तो दारातूनच विचारत, की शेवटी जिंकलं कोण. तुमच्या बहिणीची उजवी भुवई, ती म्हणाली. आता त्याला सांगायला हरकत नव्हती. नणंदबाईंनी स्वतःच घरी जाऊन यजमानांना सगळं सांगून टाकलं होतं. यजमानांनी विचारलं, म्हणजे आधी नव्हत्या? त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा समजलं.

पहिल्या आठवड्यात भुवया काळ्याकुट्ट दिसल्या आणि फोन आला, की दोन सुरवंट बसलेत कपाळावर. दुसऱ्या आठवड्यात खपल्या गळाल्या आणि पुन्हा फोन आला, की गेल्या, सगळ्या गेल्या, भिंतीला चुना लावल्यासारखं झालंय. दोन्ही गोष्टी होणार हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. ते सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि सगळ्यांचे फोन येतात. महिन्याने रंग कातडीखालून हळूहळू वर आला. मग दुसरी बैठक झाली, राहिलेल्या फटी भरल्या, आणि पुन्हा तलाव बंद. या वेळी मात्र नणंदबाई बाकावर बसायलाही गेल्या नाहीत. नुसतं बघत बसणं आता जमत नाही, म्हणाल्या.

परवानगी मिळाली त्या सकाळी पेन्सिलताई आपलं काम पाण्यात कसं दिसतं ते बघायला गेली. नणंदबाई नव्या पोशाखात, नवी टोपी घालून शिडीने उतरल्या. छातीपर्यंत पाणी. मैत्रिणी भोवती जमल्या. शिकवणारी बाई वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिने दांडी धरून डोकं खाली घालायला सांगितलं. कानांचं काय करणार, असं एका मैत्रिणीने काळजीने विचारलं. कानाला काय झालंय, नणंदबाई म्हणाल्या, आणि श्वास घेऊन खाली गेल्या.

वर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. त्यांनी ओला पंजा कपाळावर ठेवला आणि केसांपासून हनुवटीपर्यंत पूर्ण तोंड खसाखसा पुसून काढलं, जसं कोणीही पुसतं. तरुणपणानंतर त्यांनी चारचौघांत असं तोंड पुसलं नव्हतं. कायम टिपत आल्या होत्या, कडेकडेने, रुमालाच्या टोकाने. हात खाली आला. भुवया होत्या तिथेच होत्या. त्यांनी आणखी एकदा पुसलं, आता दोन्ही हातांनी, जरा जास्तच जोरात, आणि मोठ्याने हसायला लागल्या. शिकवणारीला वाटलं नाकात पाणी गेलं. तिने सांगितलं, काकू, आता थोडा दम घ्या, मग दांडी सोडून एकदा पुन्हा, पण तोंड घट्ट मिटून.

हे वाक्य पुरं होईपर्यंत काकू पाण्याखाली होत्या आणि दांडीवर कोणाचा हात नव्हता.